"नस कमजोर" म्हणजे नेमकं कुठे बिघडलं?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आशाताईंचा आहे. गावात फवारणी करून थरथरत आलेला माणूस असो, साप चावलेला असो, नाहीतर पायाला मुंग्या येणारी म्हातारी असो, "नस कमजोर झाली" असंच सांगतात आणि बी-१२ ची लाल सुई टोचून घरी पाठवतात. नसेच्या आत खरंच काय होतं, पेशी एकमेकींना निरोप कसा देतात, प्रत्येक आजारात वेगळं काय बिघडतं, आणि पोटातल्या बाळाचा मेंदू कधी तयार होतो म्हणजे गोळ्या कधीपासून द्यायच्या, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, हे सगळे पेशंट एकाच यंत्रणेचे आहेत, पण बिघाडाची जागा प्रत्येकात वेगळी आहे. उपचार त्या जागेवरून ठरतो. जागा ओळखायला दर वेळी मोठं मशीन लागतंच असं नाही. डोळ्यांच्या बाहुल्या, पापण्या, घाम, मान आणि पायाचा पंजा एवढं नीट पाहिलं तरी पुष्कळ कळतं. पण आधी यंत्रणा समजून घेऊ.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन आहेत, आणि त्यांना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशीही जवळपास तेवढ्याच. ग्लिया दहापट असतात हा जुन्या पुस्तकांतला आकडा प्रत्यक्ष मोजणीत टिकला नाही. न्यूरॉनला एक लांब तंतू असतो. कमरेच्या मणक्यातून निघून पायाच्या पंजापर्यंत जाणारा तंतू एकाच पेशीचा असतो आणि जवळपास मीटरभर लांब भरतो. या पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने उणे ७० मिलिव्होल्टवर राखलेली असते. त्यासाठी पेशीतला पंप ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, अखंड, झोपेतसुद्धा. शरीराच्या वजनात मेंदू जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळची २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो, त्यातला मोठा वाटा या पंपाचा आणि पेशींच्या आपसातल्या निरोपांचा. पेशी उत्तेजित होऊन आतला व्होल्टेज साधारण उणे ५५ वर आला की सोडियमची दारं उघडतात, एका मिलिसेकंदात लाट पुढे सरकते, मग पोटॅशियम बाहेर पडून गाडी मूळ पदावर येते. लाट येते तर पूर्ण येते, नाहीतर येतच नाही. निरोप जोराचा की हलका, हे सेकंदाला किती लाटा येतात त्यावरून कळतं.

तंतूच्या टोकाला ही वीज थांबते. पुढची पेशी तिथे चिकटलेली नसते, मध्ये २० नॅनोमीटरच्या आसपास फट असते. टोकात कॅल्शियम शिरतं, तिथल्या बारीक पिशव्या फुटतात, रसायन फटीत पडतं आणि पलीकडच्या ग्राहीवर, म्हणजे रिसेप्टरवर जाऊन बसतं. १९२१ साली ओटो लोवी यांनी हे बेडकाच्या हृदयावर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस नस चेतवून त्याची गती मंद केली, त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. या कामासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं.

रसायन सोडणं आणि ते घेणं, या दोन पायऱ्या बहुतेकांना माहीत असतात. तिसरी सांगायची राहते. काम झालं की ते रसायन तिथून हटलं पाहिजे, नाहीतर पुढचा निरोप पोचायला जागाच उरत नाही. ॲसिटिलकोलीनसाठी हे काम ॲसिटिलकोलीनएस्टरेज नावाचं एन्झाइम करतं. त्याचा एक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. आपल्याकडच्या फवारणीतली सगळ्यात जीवघेणी विषबाधा नेमकी इथेच होते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही ऑर्गेनोफॉस्फेट गटातली औषधं या एन्झाइमला घट्ट चिकटतात. ॲसिटिलकोलीन तुटत नाही, साचत जातं. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचं बटण दाबलेल्या जागीच अडकलं तर जे होतं तेच शरीरात होतं : मोटार थांबतच नाही आणि शेवटी जळून बंद पडते. ग्रंथींवर जादा ॲसिटिलकोलीन आलं की घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, आणि छातीत पाणी भरल्यासारखा घरघराट. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, म्हणून अंधुक दिसतं. नाडी मंदावते. स्नायूंवर आलं की आधी मांडी, दंड, पापणी आपोआप फडफडते, पुढे स्नायू थकून ढिले पडतात. मेंदूत आलं की बडबड, झटके, बेशुद्धी. मृत्यू बहुतेक वेळा श्वासाने होतो, कारण तिन्ही बाजूंनी श्वासच कोंडतो : फुप्फुसात स्राव, छातीचे स्नायू ढिले, मेंदूतलं श्वासकेंद्र मंद.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी आणि मजूर फवारणीच्या विषबाधेने भरती झाले, वीसच्या आसपास दगावले. पराटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी उंच वाढलेली असली की फवारा तोंडावर आणि छातीवरच येतो. घामेजलेल्या कातडीतून, विशेषतः काख, जांघ, मान आणि डोक्याच्या कातडीतून, औषध झपाट्याने आत जातं. तोंडाला बांधलेला दुपट्टा ओला झाला की तो संरक्षण देत नाही, उलट नाकातोंडाजवळ विष धरून ठेवतो. नोझल बुजला की तोंडाने फुंकणं आणि फवारणीच्या हातानेच खर्रा घोटणं, हे दोन तर सरळ पोटात जाण्याचे रस्ते. पंप पाठीवर गळत असेल तर शर्ट वाळेपर्यंत थांबू नका, तो वाळेपर्यंत सगळं आत गेलेलं असतं.

असा माणूस आला तर पहिलं काम कपडे उतरवणं. चड्डी, बनियान, करदोडा, सगळं. मग साबण आणि भरपूर पाणी. केस, कानामागे, नखं, बेंबी, जांघा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, नसतील तर हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. माणूस गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडातली लाळ बाहेर येऊ द्या. दूध, तूप, मिठाचं पाणी काहीही पाजू नका, उलटी करवू नका. औषधाच्या द्रावणात बहुतेक वेळा रॉकेलसारखे सॉल्व्हंट असतात, ते उलटीतून फुप्फुसात गेले तर वेगळाच न्यूमोनिया होतो. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत पाठवा. डबा पाठवणं किती महत्त्वाचं, ते पुढे कळेल.

आता थोडं पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांसाठी. ॲट्रोपिन हे ॲसिटिलकोलीनला ग्रंथी, हृदय आणि श्वासनलिकेवरच्या ग्राहीवर बसू देत नाही. आपल्याकडचा ॲम्प्यूल बहुधा ०.६ मिलिग्रॅमचा. मोठ्या माणसाला पहिला डोस १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३ ते ५ ॲम्प्यूल, शिरेतून. ५ मिनिटांनी पाहा. छाती मोकळी झाली नाही, नाडी ८० च्या खाली आहे किंवा वरचा रक्तदाब ८० च्या खाली आहे, तर डोस दुप्पट करा, पुन्हा ५ मिनिटांनी पुन्हा दुप्पट. चूक सर्वाधिक इथेच होते : दोन ॲम्प्यूल देऊन, बाटली लावून पेशंट पुढे पाठवला जातो आणि तो वाटेत स्रावाने गुदमरतो. ध्येय एकच, छाती कोरडी आणि नाडी-रक्तदाब ठीक. बाहुल्या पूर्ण मोठ्या करण्यामागे लागू नका, त्या सावकाश सुटतात. साध्य झालं की लागलेल्या एकूण डोसाच्या १० ते २० टक्के दर तासाला चालू ठेवा. पेशंट हवेत हात मारायला लागला, अंग तापलं, पोटाचे आवाज बंद झाले, लघवी अडली, तर ॲट्रोपिन जास्त झालं. थोडं थांबवा, मग कमी दराने पुन्हा सुरू करा.

ॲट्रोपिन स्नायूंवरच्या ग्राहीवर काम करत नाही, कारण ती ग्राही दुसऱ्या जातीची, निकोटिनिक. म्हणून छाती कोरडी झाली तरी फडफड आणि अशक्तपणा राहतो, त्यात ॲट्रोपिन कमी पडलं असं नाही. एन्झाइमवरचं विष सोडवायला प्रॅलिडॉक्झिम देतात, किलोमागे ३० मिलिग्रॅम सावकाश, मग तासाला किलोमागे ८. पण विष एन्झाइमला चिकटल्यावर काही वेळाने ती जोडणी पक्की होते आणि मग ती कशानेच सुटत नाही. डायमिथाइल गटातल्या औषधांची, म्हणजे मोनोक्रोटोफॉससारख्यांची, निम्मी जोडणी ४ तासांच्या आत पक्की होते. डायइथाइल गटाला, जसं क्लोरपायरिफॉस, दिवसभराहून जास्त वेळ लागतो. प्रोफेनोफॉसमध्ये ती इतकी लवकर पक्की होते की प्रॅलिडॉक्झिमचा उपयोग नगण्य राहतो. डब्यावरचं नाव म्हणूनच हवं.

आणखी एक कारण आहे. फवारलेलं प्रत्येक औषध ऑर्गेनोफॉस्फेट नसतं, आणि आपल्याकडे दोन-तीन एकाच पंपात मिसळण्याची सवय आहे. सायपरमेथ्रिन न्यूरॉनचं सोडियमचं दार उघडंच धरून ठेवतं, म्हणून चेहऱ्यावर मुंग्या आणि चुरचुर. इमिडाक्लोप्रिड स्वतःच ॲसिटिलकोलीनच्या निकोटिनिक ग्राहीवर बसतं. फिप्रोनिल मेंदूतला गाबा हा आवर घालणारा निरोप अडवतं आणि झटके आणतं. यांपैकी कुठल्याही एकट्या विषात एन्झाइम शाबूत असतं, म्हणून ॲट्रोपिनचा मारा करून भागत नाही, उलट त्याचीच बाधा व्हायची. बाहुल्या बारीक, छातीत स्राव आणि नाडी मंद, हे दिसलं तर ॲट्रोपिन. नुसता फवारणीचा इतिहास ऐकून नाही.

शुद्धीवर आला, जेवला, म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी मागणारे नातेवाईक असतात. विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांत काही पेशंटची मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडतात. १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी हा प्रकार वेगळा ओळखून लिहिला. त्याची सगळ्यात आधीची खूण साधी आहे : उताणं झोपवा आणि डोकं उशीवरून उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर बोलत-चालत असला तरी तो व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यातच हवा. ही तपासणी चार दिवस रोज दोनदा करा.

आता साप. नागाचं विष स्नायूवरच्या ॲसिटिलकोलीनच्या ग्राहीवर बसतं. रसायन फटीत येतं, पण त्याला बसायला जागा मिळत नाही. पापण्या जड होतात, दोन दोन दिसतं, गिळता येत नाही, मग श्वास. अशा वेळी निओस्टिग्मिन देतात, आणि निओस्टिग्मिन काय करतं? फवारणीचं विष ज्या एन्झाइमला बंद पाडतं, त्यालाच थोड्या वेळासाठी अडवतं. ॲसिटिलकोलीन फटीत वाढतं आणि जागेसाठी विषाशी झुंजतं. सोबत ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन द्यावं लागतं, नाहीतर लाळ आणि मंद नाडीचा तोच त्रास सुरू होतो. एका पेशंटमध्ये जे विष, दुसऱ्यात तेच काम औषधाचं. पेशीची भाषा कळली की हे पाठ करावं लागत नाही.

मण्यार मात्र अलीकडच्या टोकावर वार करते. तिचं विष तंतूचं टोकच उद्ध्वस्त करतं, सोडायला रसायनच उरत नाही, म्हणून निओस्टिग्मिनचा उपयोग सहसा होत नाही. ती बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. सकाळी पोटात कळ, घशाला कसंतरी, पापण्या मिटलेल्या. पावसाळ्यात पहाटे असा पेशंट आला तर ॲसिडिटीची गोळी देण्याआधी त्याला वर पाहायला सांगून मिनिटभर पापण्यांकडे लक्ष ठेवा. दोन्हींत प्रतिसर्पविष १० वायलपासून सुरू, पण मण्यारीत मोडलेलं टोक नव्याने वाढायला दिवस ते आठवडे लागतात, तोवर श्वास कृत्रिम चालवावा लागतो. पेशंट पूर्ण लुळा पडला, डोळे उघडत नाहीत, बाहुल्यासुद्धा हलत नाहीत, म्हणून तो गेला असं ठरवू नये. आत मेंदू जागा असतो, तो ऐकत असतो. त्याच्याशी बोला, आणि हे नातेवाइकांनाही सांगा.

आतापर्यंतचं सगळं फटीतलं. मुंग्या, बधिरता आणि पायाच्या अशक्तपणाच्या काही पेशंटमध्ये बिघाड ग्लियात असतो. हातापायांच्या नसांमध्ये श्वान पेशी तंतूभोवती गुंडाळून मायलिनचं वेष्टन तयार करतात, मेंदू आणि मज्जारज्जूत ते काम ऑलिगोडेंड्रोसाइट करतात. एक श्वान पेशी एकाच तंतूचा एक तुकडा सांभाळते, एक ऑलिगोडेंड्रोसाइट अनेक तंतू. वेष्टनात थोड्या थोड्या अंतरावर उघडी जागा सोडलेली असते आणि लाट एका उघड्या जागेवरून दुसरीकडे उडी मारते. त्यामुळे जाड तंतूत निरोप सेकंदाला १०० मीटरच्या घरात धावतो, वेष्टन नसलेल्यात तो सेकंदाला एखाद्या मीटरने सरपटतो.

कुष्ठरोगाचा जिवाणू नेमका श्वान पेशीत घर करतो. दत्तपूर आणि आनंदवन या कुष्ठरुग्णांसाठीच्या संस्था ज्या भागात उभ्या राहिल्या, तिथल्या माणसांना हा आजार परका नाही, पण तो मूळचा नसेचा आहे हे अजून पुष्कळांना माहीत नाही. कातडीवरचा चट्टा आपल्याला दिसतो, जिवाणू मात्र आत नसेत असतो. त्याला थंडावा मानवतो, म्हणून कोपरामागची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, चेहऱ्यावरची, अशा कातडीजवळच्या नसा आधी धरतो. तुम्ही घरी जाऊन करू शकता अशी तपासणी : पेशंटचे डोळे मिटवा, चट्ट्यावर बॉलपेनचं टोक हलकेच टेकवा आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. मग करंगळी बाहेर काढून तुमच्या बोटाच्या दाबाला विरोध करता येतो का, पायाचा पंजा वर उचलता येतो का, डोळा घट्ट मिटतो का, एवढं पाहा. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगाच्या अनेक औषधांचा एकत्र उपचार, फुकट मिळते, कमी जिवाणूंच्या प्रकारात ६ महिने, जास्तीच्या प्रकारात १२. गोळ्या सुरू असताना किंवा संपल्यावरही नस अचानक दुखली, पंजा पडला, तर ती मेलेल्या जिवाणूंविरुद्ध शरीराचीच सूज असते. लोक गोळ्यांना दोष देऊन त्या बंद करतात. गोळ्या चालूच ठेवायच्या आणि त्याच आठवड्यात सूज उतरवणाऱ्या प्रेडनिसोलोनसाठी डॉक्टरांकडे न्यायचं. नवा अशक्तपणा ६ महिन्यांच्या आतला असेल तर सुटण्याची आशा चांगली. तुटलेला तंतू श्वान पेशींनी राखलेल्या मार्गाने दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. कोपरापासून तळहातापर्यंत ३० सेंटिमीटर धरा, म्हणजे १० महिने. तोवर स्नायू नसेवाचून सुकत असतो, म्हणून उशीर परवडत नाही. मेंदूत आणि मज्जारज्जूत तर ही वाढ जवळजवळ होतच नाही. तिथलं मायलिन तंतूला अडवतं आणि ॲस्ट्रोसाइट नावाच्या ग्लिया पेशी जखमेभोवती व्रणाची भिंत घालतात.

लाल सुईचा खरा मानकरी इथे येतो. बी-१२ नसेल तर मायलिन नीट टिकत नाही. धान्य, डाळी, भाजीपाल्यात बी-१२ नाही. दूध, अंडी, मांस-मासळीत आहे. वर्षानुवर्षं माळकरी जेवण आणि दूध नाममात्र, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं, असा इतिहास असेल, दोन्ही तळपायांना सारख्या मुंग्या असतील, डोळे मिटून उभं राहिल्यावर झोक जात असेल, तर ती म्हातारी सुईची हक्काची. १००० मायक्रोग्रॅम, आधी एक दिवसाआड, मग अंतर वाढवत. पण अशा पेशंटला फक्त फॉलिक ॲसिड देत राहिलं तर रक्त सुधारतं, चेहरा लाल दिसतो आणि नसेचा नाश आतून चालूच राहतो. एकाच पायाला बधिरता, एकच पंजा पडलेला, यात मात्र सुईने वेळ जातो आणि कुष्ठरोग मागे राहतो.

पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, धानाच्या बांधीत लाखोळीची डाळ घेतात, म्हणून तिचं इथे सांगतो. मेंदूतला मुख्य चेतवणारा निरोप ग्लुटामेट. ते हटवायला फटीत एन्झाइम नाही, शेजारचे ॲस्ट्रोसाइट ते उचलून घेतात, ग्लुटामिन करून न्यूरॉनला परत देतात. जादा राहिलेलं ग्लुटामेट न्यूरॉनला चेतवून चेतवून मारतं. लाखोळीत ओडॅप नावाचं ग्लुटामेटसारखंच दिसणारं रसायन असतं, ते त्याच ग्राहीवर बसतं. अधूनमधून वरण खाल्ल्याने काही होत नाही. दुष्काळात दोन-तीन महिने दोन्ही वेळ लाखोळीच खावी लागली की मेंदूतून पायाकडे येणारे लांब तंतू मरतात. पोटऱ्या ताठ, टाचा उचललेल्या, चालताना गुडघे एकमेकांवर. संवेदना आणि बुद्धी शाबूत. एकदा झालं की बरं होत नाही, म्हणून टाळणं हाच उपाय : रात्रभर भिजवून ते पाणी फेकणं, भरपूर पाण्यात उकळून तेही फेकणं, आणि सोबत तांदूळ-ज्वारी व इतर डाळी असणं. रतन, प्रतीक, महातिवडा या जातींत ओडॅप कमी असतं.

चेतवण्याला आवर घालणारा निरोप म्हणजे गाबा, आणि गंमत अशी की तो ग्लुटामेटपासूनच बनतो. या दोघांचा तोल सुटला की फिट. फिटच्या गोळ्यांपैकी गार्डिनल गाबाला बळ देते, इप्टॉइन सोडियमचं दार वारंवार उघडू देत नाही. यांतली कुठलीही अचानक बंद केली तर आधीपेक्षा मोठी फिट येऊ शकते. ५ मिनिटांच्या वर चाललेली फिट चप्पल हुंगवून थांबत नाही, मिडॅझोलम नाकात किंवा शिरेत लागतं.

शेवटचा तुमचा प्रश्न गरोदरपणाचा. इथे सगळ्यात जास्त गैरसमज तारखांचा आहे. बाळाच्या पाठीवर एक पट्टी असते, ती दुमडून नळी होते, तिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो. ही नळी गर्भधारणेपासून २८ व्या दिवसापर्यंत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. लोहाच्या लाल गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आहे खरं, पण ती चौथ्या महिन्यापासून सुरू होते, नळी केव्हाच मिटलेली किंवा उघडी राहिलेली असते. म्हणून फॉलिकची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या बाईला आधीपासून, निदान महिनाभर आधी, आणि पहिले तीन महिने. आधीचं बाळ पाठीवर गाठ घेऊन जन्मलं असेल तर डोस दहापट, डॉक्टरांच्या चिठ्ठीने. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा आयांना ४ मिलिग्रॅम दिल्यावर तसाच दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. फिटसाठी व्हॅलप्रोएट घेणारी तरुण बाई असेल तर दिवस जाण्याआधीच गोळी बदलून घ्यावी, कारण ती गोळी हाच दोष वाढवते.

नळीच्या आतल्या भिंतीला रेडियल ग्लिया नावाच्या पेशी असतात. त्या विभागून न्यूरॉन जन्माला घालतात, आणि त्यांच्याच लांब तंतूंना धरून नवे न्यूरॉन आपल्या जागी चढत जातात. आईची थायरॉइड कमी असेल किंवा आयोडीन मिळत नसेल तर ही चढण बिघडते, म्हणून खडे मीठ नको, आयोडीनचं पाकीट हवं. जोडण्या आधी गरजेपेक्षा खूप जास्त तयार होतात, मग वापरात नसलेल्या जोडण्या मायक्रोग्लिया नावाच्या ग्लिया पेशी खाऊन टाकतात. बाळाशी बोलणं, त्याला उचलून घेणं, त्याच्या डोळ्यांत पाहणं, यावर कोणत्या जोडण्या टिकतात ते ठरतं. मायलिन गर्भातच सुरू होऊन विशी-पंचविशीपर्यंत चढत राहतं, आणि ते बनवणाऱ्या पेशीला लोह लागतं. सहा महिन्यांनंतर नुसत्या आईच्या दुधातून ते पुरत नाही. वरचं खाणं आणि आयर्नचं सिरप या दोन्हींचा नेम पाळण्याची वेळ तीच. डोक्याचा घेर जन्मताना ३४-३५ सेंटिमीटर, बाळ वर्षाचं झालं की साधारण ४६. टेप तुमच्या पिशवीत असतेच, कपाळाच्या सगळ्यात पुढच्या भागावरून मागच्या उंचवट्यावरून फिरवा आणि दर वेळी कार्डावर लिहा. एकच आकडा फारसं सांगत नाही, वाढीची रेघ सांगते.

पेशंट पुढे पाठवताना चिठ्ठीत "नस कमजोर" न लिहिता एवढं लिहा : किती वाजता काय झालं, डब्यावरचं नाव, बाहुल्या बारीक की मोठ्या, पापण्या उघडतात का, घाम-लाळ आहे का, डोकं उशीवरून उचलतो का, ॲट्रोपिन किती आणि किती वाजता. फवारणीचा पेशंट बरा होऊन आला तरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याच्या घरी एक चक्कर मारा. काही ऑर्गेनोफॉस्फेटमुळे तेवढ्या काळाने लांब तंतू टोकाकडून मरायला लागतात. पोटऱ्यांत गोळे, तळपायाला मुंग्या, मग पंजा पडतो. त्याला अंगणात टाचांवर दहा पावलं चालायला लावा. पंजे जमिनीला टेकत असतील तर पुन्हा पाठवा, आणि फवारणीच्या कामावर त्या हंगामात तो जाणार नाही याची घरच्यांशी बोलून खात्री करा.